वाचकांचे प्रश्न : डोमेन नेमके कोणाच्या नावावर?

प्रश्न : लालबागला आमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका मुलाने वेबसाइट करून दिली आणि तिचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे नाव-पत्ता, तेही त्यानेच घेतले. दर वर्षी तो सांगेल ती रक्कम आम्ही पाठवतो. आता तो परगावी असतो आणि फोन क्वचितच उचलतो. माझी मुलगी म्हणते, हे नाव सोडून डॉट इन किंवा डॉट भारतमध्ये नवीन घेऊ. काय करावे?
— एक वाचक भगिनी, लालबाग

उत्तर : नवीन नावाची घाई करू नका. पाकिटांवर आणि बिलांवर छापलेले नाव तुम्ही वाऱ्यावर सोडलेत, तर मुदत संपल्यानंतर ते कोणीही घेऊ शकतो आणि तुमचे जुने गिऱ्हाईक नकळत त्याच्याकडे जाते. डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी, डॉट कॉमच्या बाबतीत एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी, नोंदवून मिळते. ज्याच्या नावावर नोंदणी आणि ज्याच्या हाती खात्याचा पासवर्ड, त्याचेच रजिस्ट्रार, म्हणजे डोमेनची नोंदणी करणारी कंपनी, ऐकतो. दर वर्षी पैसे कोणाच्या खिशातून गेले, हे तो पाहत नाही.

म्हणून आधी ‘हू-इज’ (डोमेनच्या नोंदणीची माहिती दाखवणारा ऑनलाइन शोध) वापरून नोंदणी कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे आणि मुदत कधी संपते, ते पाहा. नोंदणीदाराचे नाव तेथे बहुधा झाकलेले असते, पण एवढी माहिती मिळते. मग त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःचे खाते उघडा आणि त्या मुलाला डोमेन तुमच्या खात्यात वळते करायला सांगा. खात्यातून खात्यात होणारी ही बदली सहसा सोपी असते. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचे असेल, तर त्याला डोमेनचे कुलूप (परस्पर बदली रोखणारी खात्यातील सोय) काढून बदलीचा गुप्त कोड द्यावा लागेल. शिवाय नव्या नोंदणीनंतर किंवा आधीच्या बदलीनंतर डॉट कॉमला साधारण ६० दिवस अशी हलवाहलव करता येत नाही. बदली होण्यापूर्वी डीएनएसच्या, म्हणजे डोमेनवरची वेबसाइट आणि ईमेल कोठे आहे ते सांगणाऱ्या, सगळ्या नोंदी उतरवून घ्या, विशेषतः ईमेल कोठे पोहोचवायची ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदी, नाहीतर वेबसाइट चालू राहील आणि ऑर्डरच्या ईमेल मात्र येईनाशा होतील.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रजिस्ट्रारच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल पत्ता देऊ नये. नूतनीकरण राहून गेले की तो पत्ताही बंद पडतो आणि पासवर्ड बदलण्याचा दुवा नेमका त्याच बंद पेटीत जातो. खात्याला वेगळा पत्ता आणि तुमचा स्वतःचा मोबाइल क्रमांक द्या, दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक कोड मागणारी सोय) सुरू करा, आणि आपोआप नूतनीकरण ठेवले असले तरी कार्डाची मुदत संपलेली नाही ना, हे पाहा. डॉट कॉमची मुदत टळल्यास सुरुवातीचे काही दिवस बहुधा नेहमीच्या शुल्कात ते परत मिळते. त्यानंतरच्या ३० दिवसांच्या टप्प्यात मोठा भुर्दंड बसतो आणि पुढे ते सर्वांसाठी खुले होते.

त्याने साफ नकारच दिला, तर जुनी बिले, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि व्हॉट्सअॅपवरील बोलणे घेऊन वकिलाकडे जा. रेडिफच्या नावाशी मिळतेजुळते ‘रॅडिफ’ हे डोमेन वापरणाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच रोखले होते, आणि डोमेनला ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात मान्य केले. तरीही, खरे सांगायचे तर, ओळखीतल्या माणसाशी वकिलाच्या नोटिशीआधी एकदा समोरासमोर बसून बोलणे स्वस्त पडते.

आता मुलीच्या सूचनेविषयी. डॉट इन अवश्य घ्या, पण जोडीला म्हणून, आणि ते मूळ वेबसाइटकडे वळवून ठेवा. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत मिळणारे डॉट भारत पाटीवर शोभून दिसते. मात्र काही ईमेल सेवा आणि फॉर्म असे पत्ते अजूनही स्वीकारत नाहीत, त्यामुळे सगळा कारभार त्यावर टाकू नये. नावाचे रोमन स्पेलिंग फोनवर सांगून पाहा. उदाहरणार्थ, ‘वहिनी’ लिहिताना कोणी व्ही घेतो, कोणी डब्ल्यू. ‘मसाले’मध्ये कोणी एकच ए लिहितो, कोणी दोन. चुकण्याचा संभव असलेले एखादे रूप घेऊन ठेवा. वीस रूपे घेणे म्हणजे दर वर्षीचा वीसपट खर्च, आणि पहिल्या वर्षाच्या सवलतीवर भुलण्याआधी नूतनीकरणाचा दर वाचावा.

प्रश्न : आमच्या गिरगावातील दुकानाच्या डोमेनचे ‘नूतनीकरण शुल्क’ मागणारे पत्र एका अनोळखी कंपनीकडून आले आहे. भरावे का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : भरू नका. अशा पत्रांत बारीक अक्षरांत पाहिले तर बहुतेक वेळा डोमेन दुसरीकडे हलवण्याची संमती किंवा कुठल्याशा यादीत नाव घालण्याचे शुल्क दडलेले असते. पत्रातील किंवा ईमेलमधील दुवा न उघडता, तुमच्या रजिस्ट्रारच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करून खात्यात जा आणि मुदतीची तारीख तेथेच पाहा. डोमेनला कुलूप लावलेले आहे ना, हेही त्याच पानावर दिसेल.