शेताचा पट्टा मिळाला, मग जंगलाचा दावा कशाला?

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्या पाड्यात बऱ्याच जणांना शेताचे वनहक्क पट्टे मिळालेत. आता पोरं म्हणतात जंगलावर सगळ्या गावाच्या हक्काचा सामूहिक दावा पण टाकू, पण म्हातारी माणसं घाबरतात की जंगल गावाच्या हातात आलं की जो तो तोडून नेईल. आणि संयुक्त वनव्यवस्थापन समिती आहेच ना, मग वेगळं काय मिळणार?

उत्तर : दादा, दावा टाकाच. पट्टा फक्त कसत्या जमिनीचा, तोही जास्तीत जास्त ४ हेक्टर. तुमचा मोह, बांबू, तेंदू, मध हे सगळं त्याच्या बाहेरच आहे की. समिती ही वनविभागाची योजना, पण २००६ च्या वनहक्क कायद्यातला हक्क थेट ग्रामसभेचा, आणि त्यात जंगल राखायचा, सांभाळायचा अधिकार स्पष्ट लिहिलाय.

म्हाताऱ्यांची भीती खोटी नाही, म्हणून नियम आधी ठरवा. हक्क मिळाल्यावरही झगडावं लागतं. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये साधारण १८०० हेक्टरचा हक्क मिळाला, तरी बांबू विकायला वाहतूक पास, म्हणजे माल बाहेर न्यायचा परवाना, मिळेना, शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा त्या पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. आणि नियमांचं म्हणाल तर चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव मला फार आवडतं. विडीच्या तेंदूपत्त्याला कोवळं पान हवं म्हणून झुडपं छाटतात, आग लावतात, त्यात रोपं पण जळतात आणि झाड छाटलं की फळ कुठून धरणार, म्हणून त्या गावाने तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं आणि कमाई बांबूवर ठेवली. हातचा पैसा सोडायला लावणारा निर्णय गावाने स्वतः घेतला, आणि लोक म्हणतात आदिवासींना जंगल दिलं की संपलं!

आता कामाचं. ग्रामसभा पाड्याची घ्या, निम्मे लोक हजर पाहिजेत आणि त्यात एक तृतीयांश तरी बायका, नाहीतर ठराव अडकतो. पुराव्याला निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या जंगल वापराची जुनी सरकारी नोंद, शोधा, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या, ते कायद्याला चालतात, आणि तेच लोक हद्द दाखवायला सोबत न्या, नाला कुठला, देवाची जागा कुठली, गुरं कुठवर जायची हे त्यांनाच माहीत असतं. दावा तपासणाऱ्या उपविभागीय समितीने नाकारलं तर कारण लेखी मागा, जिल्हा समितीकडे जायला ६० दिवस असतात, आणि तोंडी नकारावर अजिबात परत येऊ नका.