जखऱ्याची पाटी

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं. ‘सगळे नाताळच्या तयारीत दंग आहेत आणि मला मात्र प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं,’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांत, मन शांत व्हावं म्हणून रोज तासभर प्रार्थना करायचं ठरवलं आहेस म्हणे. तासभर नको. का ते सांगतो.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आपण घाईघाईनं ओलांडतो. येशूच्या जन्मापाशी, त्या गव्हाणीपाशी पोहोचायची ओढ असते ना! पण त्यात जखऱ्या आहे. म्हातारा याजक, लेकरासाठी विनवण्या करून थकलेला. मंदिरात धूप जाळताना गब्रीएल देवदूत त्याला म्हणतो, तुझी विनंती ऐकली आहे. आणि नेमका तेव्हाच ह्याचा विश्वास बसत नाही! वर्षानुवर्षं मागणाऱ्याला मागण्याचीच सवय होऊन जाते. उत्तर समोर उभं राहिलं तरी ते ओळखू येत नाही. त्याची वाचा जाते, ती थेट बाळाच्या आठव्या दिवसापर्यंत. नाव काय ठेवायचं म्हणून नातेवाईक हुज्जत घालतात, तेव्हा तो पाटी मागवून लिहितो, ‘ह्याचे नाव योहान आहे’. तोंड उघडतं ते त्यानंतर.

लहानपणी मला ही निव्वळ शिक्षा वाटायची. एका आगमनकाळात माझा स्वतःचा घसा बसला आणि मत बदललं.

तेव्हा मी गायनमंडळात होतो. नाताळच्या उपासनेतलं एकट्यानं म्हणायचं कडवं मला न मिळता माझ्या मित्राला मिळालं, म्हणून मी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. प्रार्थना मात्र जोरात चालू होती. ‘प्रभो, मला शांती दे’ असं रोज रात्री, अगदी नेमानं! दुसऱ्या आठवड्यात आवाज पार गेला. सरावाला जाऊन मागच्या बाकावर गप्प बसलो. पहिल्यांदाच त्याचं गाणं नीट ऐकलं. वरचा स्वर लावताना तो उजव्या हाताची मूठ घट्ट आवळायचा. घाबरलेला होता बिचारा. दोन वर्षं शेजारी उभा राहून मला हे कधी दिसलं नव्हतं. सराव संपल्यावर गाण्याच्या वहीचं मागचं पान फाडलं, ‘चुकलो’ एवढंच लिहिलं आणि त्याच्या हातात दिलं. त्या रात्री प्रार्थना करायला आवाज नव्हता, आणि झोप गाढ लागली.

म्हणून म्हणतो, दहा मिनिटं पुरेत. त्यातली पहिली पाच काही मागू नकोस. आगमन त्याचं आहे, बाळा. प्रभू येतो, आपण त्याला ओढून आणत नाही. मन भरकटेल, भरकटू दे. कुणाचा तरी चेहरा पुन्हापुन्हा समोर येईल, त्याला मात्र हाकलू नकोस. वाचा परतल्यावर जखऱ्यानं म्हटलेल्या स्तोत्राचा शेवट बघ: आमचे पाय शांतीच्या मार्गाला लागावेत, असं तो म्हणतो. पाय! आपण शांती मनात शोधत बसतो आणि ती पुष्कळदा कुणाच्या तरी दारापर्यंत चालत जाण्यात असते.

पण सगळंच माफी मागून सुटत नाही. तुझ्या घरातल्या आजारपणाबद्दल वाचलं. तिथे तुझी काही चूक नाही, आणि तिथे मी उपाय सांगायला जाणार नाही. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय वाच. देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील, असं प्रेषित पौल लिहितो. मूळ ग्रीक शब्द पहारेकऱ्याचा आहे, वेशीवर उभ्या असलेल्या शिपायाचा. आणि हे लिहिणारा स्वतः कैदेत होता. भीती वेशीबाहेर घिरट्या घालत असतानाही आत कुणीतरी राखण करतं आहे, एवढंच तिथे वचन आहे. मला तेवढं पुरलेलं आहे.

आगमनचक्राबद्दल, म्हणजे आगमनकाळात दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत पेटवायच्या त्या चक्राबद्दल, विचारलंस. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखेर्न नावाच्या धर्मसेवकांनी आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांसाठी ते सुरू केलं. ‘नाताळ कधी?’ म्हणून मुलं रोज भंडावून सोडायची, असं सांगतात. गाडीच्या जुन्या चाकावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि इतर दिवसांच्या लहान तांबड्या लावलेल्या असत. म्हणजे उतावळ्यांसाठीच काढलेली सोय आहे ती. तुला-मला शोभेल अशी.

तू चारच लाव. आणि दर रविवारी नव्या आणून उंची सारखी करत बसू नकोस, तसं करणारे मी पाहिले आहेत. चौथ्या रविवारी पहिली बोटभर उरलेली असते, मेण ओघळून बुडाशी थिजलेलं असतं आणि वात मेणात कलंडलेली असते. तिलाच आधी पेटवायचं. जरा वेळ लागतो, हात भाजतो, पण पेटते.

उत्तराची घाई नाही. नाताळनंतर लिहिलंस तरी चालेल.

प्रभूमध्ये तुझा,
काका