जुने ब्लॅक अँड व्हाइट सिनेमे ब्लू-रेवर (डीव्हीडीच्या पुढची एचडी डिस्क) घेण्यात खरंच अर्थ आहे का?

तुमची शंका अशी, की १९५०-६० च्या काळात एचडी कॅमेरे नव्हतेच, मग डिस्कवर एचडी येणार कुठून? आणि घेतलेल्या डिस्कवर वाळूसारखे ठिपके वळवळताना दिसतात, दुकानदार म्हणतो डिस्क खराब आहे.

अर्थ आहे, पण सरसकट नाही. सिनेमा किती जुना आहे ते सोडा, डिस्कसाठी स्कॅन कशावरून केलाय ते बघा.

३५ मिमी निगेटिव्हवरची, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फिल्मवरची, एक फ्रेम साधारण २२ बाय १६ मिमीची. चांगल्या लेन्सने टिपलेली असेल तर तिच्यातला तपशील ब्लू-रेच्या १९२० बाय १०८० पिक्सेलमध्येही पुरता मावत नाही. डीव्हीडी ७२० बाय ५७६ ची आणि व्हीसीडी तर फक्त ३५२ बाय २८८ ची. गणपत गल्लीतून आणलेली व्हीसीडी लावून आम्ही 'जुना सिनेमा, असाच दिसायचा' म्हणत होतो, त्यात सिनेमाची काय चूक?

मी बेळगावचा. माझे मामा तालुक्याच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, त्यामुळे रिळं हातात घेऊन बघायला मिळाली. हिंदी सिनेमाच्या धंद्यात आमचा भाग मुंबई सर्किटात, म्हणजे मुंबईच्या वितरण-विभागात मोडतो (१९५६ ला राज्य बदललं, सर्किट काही बदललं नाही). मोठ्या शहरांत चालून चालून दमलेली प्रिंट आमच्या तालुक्याला यायची. मामा डब्यातून रीळ काढून हातभर फिल्म उजेडात धरायचे आणि ती किती फिरून आलीय ते सांगायचे. रंगीत प्रिंटवर पडद्यावर उभी हिरवी रेघ नाचते ना, ती म्हणजे वरचा मॅजेंटा (किरमिजी) थर खरवडलेला. ओरखडा आणखी खोल गेला की रेघ पिवळी, सगळे थर गेले की पांढरी. प्रिंट जुनी झाली की सायन (हिरवट निळा) रंग आधी उडतो आणि अख्खा सिनेमा गुलाबी पडतो. आपल्या डोक्यात 'जुन्या सिनेमाचं रूप' म्हणून जे बसलंय, ते बहुतेक या झिजलेल्या प्रिंटचं रूप आहे की हो.

प्रिंट ही नक्कल, कित्येकदा नकलेची नक्कल. दर नकलेत थोडा तपशील गळतो. म्हणून मूळ निगेटिव्हवरून स्कॅन केलेली डिस्क आणि हाताला लागेल त्या प्रिंटवरून केलेली डिस्क यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आपल्याकडे दुखणं असं, की मूळ निगेटिव्हवरूनच प्रिंटांवर प्रिंटा काढल्या जायच्या, त्यात निगेटिव्हच झिजली. त्याहून जुनी फिल्म नायट्रेटची, भडकन पेटणारी. २००३ च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं जळाली, त्यात प्रभातचीही होती. प्रभात मूळची कोल्हापूरची, म्हणजे आम्हाला घरचीच. ती बातमी इकडे फार लागली. पण जळालं म्हणजे संपलंच असंही नाही. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ ला लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळल्या. इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी वाचलेले तुकडे हातांनी दुरुस्त केले, जिथं निगेटिव्ह गेलीच होती तिथं दुसऱ्या प्रती वापरल्या, आणि २०१५ ला ४के (आडवे सुमारे चार हजार पिक्सेल) प्रत आली. ती एकदा बघाच.

आता तुमचे ठिपके. ते बहुधा ग्रेन आहेत, म्हणजे फिल्मवरचे चांदीचे कण, ज्यांनी चित्र बनलंय तेच. डिस्क खराब असती तर चित्र अडकलं असतं, चौकोन फुटले असते. काही कंपन्या ग्राहकाची हीच तक्रार टाळायला सॉफ्टवेअरने ग्रेन पुसतात. त्याबरोबर कातडीवरच्या सुरकुत्या, लुगड्याचं विणकाम, केसांच्या बटा सगळं जातं आणि नायिका मेणाची बाहुली दिसते. दोघांतलं मला विचाराल तर ठिपके परवडले.

टीव्हीवर शार्पनेस अगदी खाली आणा आणि मोशन स्मूदिंग बंद करा, नाहीतर सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. १९५३ च्या आधीचे सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणारच. त्या घालवायला चित्र ताणू नका. आमच्याकडे पाहुणे आले की रिमोट घेऊन आधी तेच करतात!

घेताना डिस्कच्या मागचा मजकूर वाचा. मूळ निगेटिव्हवरून नवा २के किंवा ४के स्कॅन असं लिहिलं असेल तर बिनधास्त घ्या. नुसतं 'डिजिटली रीमास्टर्ड' असेल तर सावध, कधी कधी डीव्हीडीचाच जुना मास्टर फुगवून भरलेला असतो. व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या जुन्या मालिकांवर तर पैसे घालूच नका, तिथं मुळातच जास्त तपशील नाही. बेळगावात असल्या डिस्क दुकानात मिळत नाहीत, मागवाव्या लागतात. परदेशातून मागवत असाल तर रीजन बघा, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरसाठी आहे ते. ब्लू-रेसाठी भारत रीजन सी, अमेरिका ए, ब्रिटन बी. प्लेअर तो रीजन घेत नसेल तर डिस्क लागणारच नाही, आणि परत पाठवायचा खर्च डिस्कच्या किमतीच्या घरात जातो.