उलगुलान फसलं, मग मुंडांना जमिनीचं काय मिळालं?

उलगुलान म्हणजे छोटानागपुरातल्या (आजच्या झारखंडातल्या) मुंडा आदिवासींनी बिरसा मुंडाच्या नेतृत्वाखाली जमीनदार आणि इंग्रजांविरुद्ध केलेलं बंड. त्यावर "बिरसा 1900 मध्ये तुरुंगात मेला, बंड मोडलं, मग पदरात काय पडलं?" असं एकाने विचारलंय. हा 'मोडलं' शब्द वाचला की माझं डोकं फिरतं.

आधी खूंटकट्टी, म्हणजे मुंडांची जमिनीची जुनी पद्धत, समजून घ्या. ज्या घराण्याने जंगल तोडून गाव वसवलं, त्याच्या वंशजांची गावावर सामाईक मालकी. कागद नाही. पुरावा एकच, ससनदिरी: पूर्वजांच्या अस्थींवर ठेवलेली आडवी दगडी शिळा. आपल्याकडे सातबारा, तिथे ही शिळा. कचेरीत मात्र दगड कोण वाचणार? जागीरदार आणि ठेकेदार यांनी चंदा म्हणून मिळणारी किरकोळ रक्कम खंड ठरवली, मालकाला रयत केलं आणि वर बेठबेगारी लादली. 1869 च्या कायद्याने भुईंहारी (गाव वसवणाऱ्यांच्या वंशजांकडच्या) जमिनी नोंदवल्या, पण खूंटकट्टी गावं बहुतेक बाहेरच राहिली. सरदारांनी, म्हणजे मुंडांच्या पुढाऱ्यांनी, वर्षानुवर्षं अर्ज केले, वकील पोसले, हाती काही लागलं नाही. बंड तिथून सुरू होतं, 1895 मध्ये बिरसा पुढे आला तिथून नव्हे.

9 जानेवारी 1900 ला सैल रकब टेकडीवर बंडवाल्यांवर गोळ्या चालल्या, 9 जूनला बिरसा रांचीच्या तुरुंगात मेला. आणि 1902 मध्ये जमिनीची मोजणी सुरू झाली! 1903 च्या दुरुस्तीत खूंटकट्टी कायद्यात आली, 1908 मध्ये छोटानागपूर कूळकायदा झाला. योगायोग म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार.

पळवाटही लगेच निघाली. विक्रीवर बंधन, म्हणून मुंडा रयत जमीनदाराला राजीनामा, म्हणजे जमीन सोडल्याचा कागद, लिहून देई आणि जमीनदार तीच जमीन बाहेरच्याला कबुलायतीने, म्हणजे कुळाच्या करारावर, देई. कागदोपत्री विक्री झालीच नाही! पुढे डेप्युटी कमिशनरची लेखी परवानगी सक्तीची केली. आज याच कायद्याच्या कलम 46 प्रमाणे आदिवासी रयतेची जमीन त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या आदिवासीलाच जाऊ शकते, तीही परवानगीने. गैरमार्गाने गेलेली परत मागायला कलम 71-अ, पण ते 1969 मध्ये आलं.

एक कबूल करतो: 1908 आधी हातची गेलेली जमीन बव्हंशी परत आली नाही. कायद्यामागे हॉफमन या जेझुइट पाद्र्याचाही हात होता. म्हणून "इंग्रजांनी दयेने दिला" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, की सरदारांच्या अर्जांच्या वेळी ही दया कुठे होती?