स्ट्रॉबेरीचं पान

प्रिय बाळा,

तुझा मेल दोनदा वाचला. दोन वर्षांत 19 डिस्टोपियन कादंबऱ्या, म्हणजे बिघडलेल्या, जुलमी भविष्याच्या गोष्टी, आणि आता ‘मावशी, सगळ्या सारख्याच वाटायला लागल्यात, पुढे काय वाचू?’ यादी मागितली आहेस. ती देत नाही. वाचलेल्यांतलंच एक पुस्तक परत काढ म्हणते, ‘द हंगर गेम्स’. तेच, ज्यात सरकार दर वर्षी चिठ्ठ्या काढून मुलं निवडतं आणि टीव्हीसमोर एकमेकांना मारायला रिंगणात सोडतं. वैतागू नकोस, निदान हे पत्र संपेपर्यंत.

सारख्या वाटतात, कारण बऱ्याच आहेतच सारख्या. सुझन कॉलिन्सचं हे पुस्तक 2008 मध्ये आलं, धो धो खपलं, आणि मागून त्याच साच्यातून निघाल्यासारखी रांग लागली. पडझड झालेलं शहर, दुष्ट सरकार, हट्टी मुलगी, तिच्यामागे दोन मुलगे. पण तू त्या वाचल्यास कशा, तेही बघ. कोण मरतंय, कोण जिंकतंय, ती शेवटी कुणाची होते, रात्रीतून फडशा. पहिल्यांदा मीही तशीच वाचली होती. आता दुसऱ्यांदा वाचताना एवढंच बघत जा: या पानावर कोण काय खातंय, आणि ते त्याला कुठून मिळालं.

अगं, नावातच भूक आहे आणि आपण ‘गेम्स’कडे बघत बसतो! त्या देशाचं नाव पॅनेम, लॅटिनमधली ‘भाकरी’. नायिकेचं नाव कॅटनिस, हे एका पाणवनस्पतीचं नाव, तिचे कंद खातात. वडील तिला थट्टेनं म्हणायचे, तू स्वतःला शोधू शकलीस की उपाशी मरणार नाहीस. रिंगणातला जोडीदार पीटा, त्याच्याशी तिची खरी ओळख सुरू होते ती त्यानं मुद्दाम करपवलेल्या पावापासून. आणि गुहेतला तो प्रसंग, ज्यावर तुम्ही मैत्रिणी फिदा आहात? ती त्याचं चुंबन घेते आणि बाहेर येऊन बघते तर पॅराशूटनं गरम सूपचं भांडं आलेलं. तिला लगेच उमगतं की बाहेरून मदत पाठवणारा त्यांचा मार्गदर्शक हेमिच दर सांगतोय, एका चुंबनाला एक भांडं सूप. तुम्ही त्याला लव्हस्टोरी म्हणता. मला तिथे बाजार दिसतो. दोन्ही असेल, पण बाजार निसटू देऊ नकोस.

आता चिठ्ठ्यांकडे ये. हे मी लांबवणार आहे, कारण या पुस्तकातलं सगळ्यात हुशार काम माझ्या मते इथेच झालंय. बाराव्या वर्षी प्रत्येकाच्या नावाची एक चिठ्ठी, मग दर वर्षी एक वाढत अठराव्या वर्षी सात. ऐकायला अगदी न्याय्य. पण घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकून टेसेरा घेता येतो, म्हणजे एका माणसाचं वर्षभराचं बेताचं धान्य आणि तेल. घरातल्या प्रत्येक माणसामागे एक. आणि या चिठ्ठ्या साठत जातात.

हे वाचताना मी थांबले होते. माझ्या लहानपणी आमच्या घरी रेशनकार्डावर युनिट किती, हा फार महत्त्वाचा प्रश्न असायचा. जितकी नावं तितकं धान्य. पिशवी घेऊन रांगेत उभं राहायचं काम माझ्याकडे. कार्ड मला माहीत होतं; कॉलिन्सबाईंनी त्याच कार्डाला फास लावून ठेवला होता. कॅटनिस, आई आणि धाकटी बहीण प्रिम मिळून तीन टेसेरा, स्वतःची एक, म्हणजे वर्षाला चार. सोळाव्या वर्षी 20 चिठ्ठ्या. तिच्याबरोबर शिकार करणारा मित्र गेल, त्याच्या घरात पाच माणसं, वर्षाला सहा. अठराव्या वर्षी 42. मेयरची मुलगी मॅज कॅटनिसच्याच वर्गात, तिच्या फक्त पाच.

म्हणून स्ट्रॉबेरीचं पान सावकाश वाच. अगदी सुरुवातीला आहे. कॅटनिस आणि गेल मेयरच्या मागच्या दारी स्ट्रॉबेरी विकायला जातात, मॅज छान पांढऱ्या ड्रेसमध्ये दार उघडते आणि गेल तिला टोचून बोलतो. मॅजनं काही केलेलं नाही. गेललाही ते कळतं. एरवी रानात तोच म्हणत असतो की टेसेरा आहेतच यासाठी, उपाशी लोकांनी पोटभर जेवणाऱ्या शेजाऱ्याचा द्वेष करावा म्हणून. कळूनही त्याला राग आवरत नाही. सरकार किती क्रूर हे सांगायला लेखिकेला रिंगण, तलवारी, काही लागलं नाही. एक मागचं दार पुरलं. ज्या लेखकांनी तिची नक्कल केली त्यांनी रिंगण उचललं, दार राहून गेलं.

‘डायव्हर्जंट’बद्दल विचारलं होतंस. ते मला आवडलं नाही, तुझं लाडकं असलं तरी. पाच गटांत माणसं वाटलेली, आणि नायिका कुठल्याही एकाच गटात मावत नाही. पण बाई, पंधराव्या वर्षी आपण कुठल्या चौकटीत मावतो असं वाटतं कुणाला? ते पुस्तक वाचणाऱ्याला आरशासमोर उभं करून ‘तू खास आहेस’ म्हणतं. गाड्या चालवणारे, झाडलोट करणारे गटाबाहेरचे लोक त्यातही आहेत, पण पहिल्या पुस्तकात ते कडेलाच उभे राहतात. मला त्यांची गोष्ट हवी होती.

नवीन हवंच असेल तर लोइस लोरीचं ‘द गिव्हर’ घे. 1993 चं, म्हणजे तुझ्या यादीतल्या बहुतेकांच्या आधीचं. बारीक आहे, एका दुपारी संपेल; तसं करू नकोस. तिथे कुणी उपाशी नाही, मारामारी नाही, सगळे एकमेकांशी अदबीनं बोलतात. सगळ्या गावाच्या वतीनं जुन्या आठवणी सांभाळणारा एक म्हातारा आहे. एकदा वरिष्ठ मंडळी त्याला विचारतात, लोकसंख्या वाढवू का? तो नको म्हणतो, कारण त्याच्या आठवणींत पिढ्यांमागची भूक आहे. बाकी कुणालाच ती ठाऊक नाही. त्यांनी ती त्याच्याकडे ठेवायला दिली आणि स्वतः विसरून गेले. त्यात एक साधा सरकारी शब्द पुन्हापुन्हा येतो. त्याचा अर्थ मी सांगणार नाही, नेटवरही शोधू नकोस. शेवट वाचून तू मला चिडून फोन करशील, ते चालेल.

आणि एक आगाऊ सूचना: कधीतरी मंजुला पद्मनाभन यांचं ‘हार्वेस्ट’ वाच. ही कादंबरी नव्हे, इंग्रजी नाटक आहे, 1997 चं, तुमच्या वयासाठी लिहिलेलं नाही. मुंबईतल्या एका खोलीतलं कुटुंब, नोकरी गेलेला मुलगा, आणि अवयव देण्याचा करार. करार झाल्यावर त्यांचं जेवणसुद्धा अवयव घेणारा ठरवतो. घाई नाही, दोन वर्षांनी वाचलंस तरी हरकत नाही.

सिनेमे पाहिलेस, हरकत नाही. पण पडद्यावर कॅटनिसचा चेहराच दिसतो. पुस्तकात ती ‘मी’ म्हणून बोलते, आणि आपण कॅमेऱ्यात कशा दिसतोय, त्यातून काय पदरात पडेल, हा तिचा हिशेब डोक्यात सतत चालू असतो. कॉलिन्सनी सांगितलंय की ही कल्पना त्यांना टीव्हीची चॅनेलं बदलताना सुचली. एकीकडे तरुण पोरांची स्पर्धा, दुसरीकडे इराकच्या युद्धाची दृश्यं, आणि झोपाळू डोळ्यांपुढे दोन्ही एकमेकांत मिसळायला लागली. हे लक्षात ठेवून रिंगणातली पानं वाच. तेव्हा रिमोट आपल्याही हातात असतो.

तर पेन्सिल घे आणि समासात फक्त खाण्याच्या जागा टिपत जा. रिंगणातली कॅटनिसची छोटी साथीदार रू गेल्यावर तिच्या डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे प्रांताकडून, पाव येतो, तिथे पोचलीस की मला कळव.

तोवर मी तुझा हिशेब करून ठेवलाय. वय 15, घरात आजीसकट पाच माणसं, पाचही टेसेरा दर वर्षी घ्यावे लागले असं धरलं. माझ्या हिशेबानं तुझ्या 24 आल्या. तू एकदा करून बघ.

तुझी,
मावशी