स्मृतिभ्रंशाच्या संशोधनात नवीन आहात? आधी एवढं करा

लातूर-बीडकडच्या गावांत म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीची पाहणी करायची म्हणताय, फार मोलाचं काम आहे. एमआरआय, जनुकं सध्या बाजूला ठेवा. आधी चाचणी घ्यायला शिका.

एमएमएसई या स्मरणशक्ती-आकलन तपासणाऱ्या ३० गुणांच्या चाचणीत वाक्य लिहायचं, पंचकोन काढायचे असतात. शाळा न पाहिलेली आजी तिथं गुण गमावते, ते आजारामुळं नव्हे. निरक्षरांसाठी पडताळलेली आवृत्तीच घ्या; मनानं प्रश्न बदलू नका.

हमखास होणाऱ्या चुका:
- चष्मा, कानाचं यंत्र नसताना प्रश्न विचारणं.
- सून शेजारून उत्तर सांगते. तिच्याशी नंतर वेगळं बोला: पैशाचा हिशेब चुकतो का, दूध गॅसवर विसरतं का, कधीपासून?
- बी१२, थायरॉईड, नैराश्य न तपासताच 'अल्झायमर' लिहिणं.

पहिल्या दहा मुलाखतींना अनुभवी सहकारी सोबत ठेवा. दोघांनी वेगवेगळे गुण द्या, मग ताडून बघा.