ट्राम : दांडी, गाडी आणि रेशमाचा बाणा

प्रश्न असा आहे : बेंजामिन औट्रम या इंग्रज अभियंत्याच्या नावातला ‘औ’ गळून ‘ट्राम’ झाली, हे खरं का? आणि रेशमाच्या धाग्याला ‘ट्राम’ म्हणतात, तो शब्द हाच का?

दोन्हींचं उत्तर नाही. पहिली गोष्ट मात्र इतकी चपखल आहे की खोटी म्हणायला जीवावर येतं. औट्रम (१७६४–१८०५) खरोखरच खाणी-कालव्यांसाठी लोखंडी रूळ टाकायचा. माणूस खरा, धंदाही तोच. पण त्याच्या जन्माआधी सुमारे अडीचशे वर्षं स्कॉटलंडमध्ये ‘ट्राम’ शब्द बोलला जात होता! तेव्हा त्याचा अर्थ होता हातगाडीची दांडी. टांग्याचा घोडा ज्या दोन दांड्यांमध्ये जुंपतात, तसली. शब्दाचं मूळ जर्मनीच्या उत्तरेकडच्या बोलीतलं, अर्थ तुळई किंवा दांडा. ऑस्ट्रियात छताच्या तुळईला अजूनही ट्राम म्हणतात. दांडीवरून हे नाव खाणीतल्या कोळशाच्या गाडीला पडलं, गाडीवरून तिच्या वाटेला. ती वाट एकोणिसाव्या शतकात शहरात आली तो ‘ट्रामवे’, आणि त्यातला ‘वे’ गळून आपली ट्राम. म्हणजे काहीतरी गळलं हे खरंच, फक्त भलत्या टोकाचं.

जाता जाता : औट्रमचं नाव मराठी मुलखात आलं ते ट्रामबरोबर नाही. त्याचा मुलगा जेम्स याने १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभारली. चाळीसगाव-कन्नडमधला औट्रम घाट त्याच्या नावाचा.

रेशमाची ट्राम फ्रेंचमार्गे लॅटिन ‘त्रामा’वरून आली. अर्थ बाणा, म्हणजे विणकामातला आडवा धागा. दोन-तीन कच्चे पदर एकत्र घेऊन हलकासा पीळ दिला की ट्राम होते. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, ओढ सोसावी लागते, म्हणून त्याचा धागा घट्ट पिळाचा. बाण्याला ती गरज नसते, आणि पीळ कमी असल्याने तो कापडात छान भरतो. गाडीशी याचं नातं फक्त उच्चाराचं.

लिंगाचीही गंमत आहे. आपण ‘ती ट्राम’ म्हणतो, बहुधा ‘गाडी’मुळे. जर्मनीतही ती स्त्रीलिंगी, पण शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये जर्मन बोलणारे तिला नपुंसकलिंगी करून टाकतात.

मुंबईत ती ९ मे १८७४ रोजी घोड्यांनी ओढत आणली, १९०७ मध्ये विजेवर धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बंद झाली. ‘बेस्ट’मधला ‘टी’ही आधी ट्रामवेजचाच होता, ट्रान्सपोर्टचा नंतर झाला. दादर टीटीला मात्र कोणी हात लावला नाही. तो टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. लहानपणी मला वाटायचं, तिथे तिकीट तपासनीस उभा असतो, आणि बाबांचा हात सोडून मी आधी खिशातलं तिकीट चाचपायचो.